शॉकअप मिळत नाही तेव्हा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात, शहापूर येथे, पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



'यंत्रयुग आणि आपला समाज' या विषयावर मी बोलावे असे मला सुचविण्यात आले होते. विषय मोठा आहे आणि तो पेलणारे विद्वान या व्यासपीठावर बसलेले आहेत. मी पडलो गॅरेजचा माणूस. माझे आयुष्य गाडीखाली पाठ टेकून गेले. म्हणून मी यंत्रयुगावर न बोलता मोटारीच्या एकाच भागावर बोलणार आहे. हा भाग हातभर लांबीचा असतो, त्याला आपण सारे शॉकअप म्हणतो, आणि जुन्या फियाटसाठी तो आता बनत नाही. बनत नाही म्हणून काय करायचे, एवढाच आजचा प्रश्न.

फियाट म्हटले की इथल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ती गाडी लगेच उभी राहील. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ पासून ११०० डिलाइट आली, पुढे तिचेच नाव प्रेसिडेंट झाले आणि १९७४ पासून पद्मिनी. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. डॉक्टर, वकील, राईस मिलवाले यांच्या दारात ती असे. नवी गाडी हवी तर पैसे भरून वर्षानुवर्षे थांबावे लागे. दारातली गाडी हे लग्नाच्या बोलणीतले वजन होते. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईत मात्र काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती आणखी दोन दशके धावली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे, ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली.

टॅक्सी होत्या तोवर त्यांचे सुटे भाग खपत होते, आणि खपत होते म्हणून कोणीतरी बनवीत होते. हजारो टॅक्सींना लागणारा शॉकअप कारखानदाराला परवडतो. हौसेने सांभाळलेल्या मोजक्या गाड्यांसाठी तो साचा चढवीत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. दुकानात 'माल बंद झाला' हे तीन शब्द ऐकू येतात त्यामागे एवढेच गणित असते.

आता हा शॉकअप करतो काय? त्याचे पूर्ण नाव शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे धक्का शोषून घेणारा. हे नावच फसवे आहे. धक्का झेलण्याचे काम स्प्रिंगचे किंवा कमानपाट्याचे. चाक खड्ड्यात गेले की पाटा दबतो आणि धक्क्याची शक्ती स्वतःत साठवतो. पण साठवलेले तो परत करतो. झोक्याला एकदा ढकलले की तो आपसूक कितीतरी वेळ हलत राहतो, तशी गाडी त्या एका खड्ड्यानंतर वर-खाली होत राहील. हा झोका थांबविणारा हात म्हणजे शॉकअप. त्याच्या नळीत तेल असते आणि तेलात पिस्टन. पिस्टनला बारीक छिद्रे आणि झडपा असतात. चाक हलले की तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि जितके घाईने जावे तितका विरोध जास्त. झोक्याची सारी शक्ती अशी तेलात मुरते आणि तिची उष्णता होते. म्हणूनच खराब रस्त्यावरून गाडी आणल्यावर शॉकअपच्या नळीला हात लावून पाहावा. चार चाकांपैकी एकाचा शॉकअप थंड लागला तर समजावे की तो नुसता लटकतो आहे, काम करीत नाही.

पालकांपैकी काहींना वाटेल, गाडी थोडी हलली तर काय बिघडले? माझे सारे बोलणे याच ठिकाणी येऊन अडते. शॉकअप बसणाऱ्याच्या सुखासाठी आहे ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती घातक आहे. शॉकअप मेला की चाक रस्त्यावर टिकत नाही, उड्या मारते. हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? वळणावरही तेच. टायर घासतो तोसुद्धा एकसारखा नव्हे. ठिकठिकाणी खळगे पडतात, हात फिरवला की कळतात. शॉकअप एका दिवसात मरत नाही, महिनोन्‌महिने थोडा थोडा मरतो, आणि रोज चालविणाऱ्याच्या अंगाला ती सवय होऊन जाते. आपल्या शहापूरवरून जाणारा हा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, यावर ट्रकच्या पुढे-मागे गाडी चालविताना ही सवय किती महाग पडू शकते हे तुम्हांला मी सांगायला नको.

तर असा हा भाग बाजारात नाही. अशा वेळी लोक तीन वाटा धरतात.

पहिली वाट जुन्या मालाची. एखाद्या दुकानदाराच्या माळ्यावर पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा, डब्यात तसाच पडलेला शॉकअप निघतो. मुंबईच्या चोरबाजारात, नागपूरच्या जुन्या दुकानांत अशी शोधाशोध करणारे शौकीन आहेत. डबा कोरा दिसतो म्हणून आतला मालही कोरा, असे मात्र नसते. आतले रबरी सील वयाने कडक होते. बसविल्यानंतर थोड्याच दिवसांत रॉडवर तेलाची ओल दिसू लागते. शिवाय तो आडवा ठेवलेला असतो, त्यामुळे नळीत हवा शिरलेली असते. असा शॉकअप उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबावा आणि पूर्ण ओढावा. मधेच पोकळ झटका लागायचा थांबला तर हवा निघाली. थांबलाच नाही तर पैसे परत मागावेत.

दुसरी वाट दुरुस्तीची. माझ्या उस्तादांच्या वेळी शॉकअप उघडणे ही रोजची गोष्ट होती. आज कोणी उघडत नाही. जुन्या पद्धतीचा तेलाचा शॉकअप लेथवर वरच्या बाजूने कापता येतो, तोंडाला आटे पाडून नवे झाकण बसविता येते, सील नवे घालता येते. सीलचे आतले माप, बाहेरचे माप आणि उंची एवढी तीन मापे नीट घेतली तर नागपूरच्या बेअरिंगच्या दुकानात जोडीदार सील बहुधा मिळते. तिथे गाडीचे नाव सांगायची गरजच नसते. खरा प्रश्न रॉडचा. रॉडवर गंजाचे टिपके पडले असतील तर नवे सीलही त्यावर घासून चार दिवसांत फाटेल. त्याला हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्यावे लागते, आणि तिथे कंजूषी केली तर बाकीची मेहनत पाण्यात.

तेलाविषयी दोन शब्द. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतणारे मी पाहिले आहेत. त्याने साधे सील फुगून खराब होते. इंजिन ऑइल बहुधा फार घट्ट पडते. मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कमध्ये जे तेल घालतात ते जवळचे. आणि नळी काठोकाठ भरायची नाही! येथे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. शॉकअप दबतो तेव्हा रॉड आत जातो, आणि जेवढा रॉड आत जाईल तेवढ्या तेलाला सरकायला जागा हवी. रॉडचा व्यास १२ मिलिमीटर आणि तो १७ सेंटिमीटर आत जातो असे धरा. वृत्तचितीचे घनफळ तुम्ही दहावीत शिकता. त्रिज्या ०.६ सेंटिमीटर, तिचा वर्ग ०.३६, गुणिले ३.१४, गुणिले १७. उत्तर सुमारे १९ घनसेंटिमीटर. एवढी रिकामी जागा, आणि थोडी जास्त, बाहेरच्या नळीत राखली नाही तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात शॉकअप अडेल, आणि सील फुटेल किंवा गाडीचा जोड तुटेल. हे सूत्र परीक्षेपुरते पाठ केले जाते. मला ते गॅरेजात कामी आले.

एक ताकीद मात्र सर्व मुलांना देतो. आजच्या पुष्कळ गाड्यांच्या शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेला असतो. तो कापायला किंवा वेल्डिंग करायला कधीही घेऊ नये. जीव जाऊ शकतो. मी सांगतो ते केवळ जुन्या, बिनवायूच्या शॉकअपविषयी. तो कुठला आणि हा कुठला हे ओळखता येत नसेल तर हात लावू नये.

तिसरी वाट दुसऱ्या गाडीचा शॉकअप बसविण्याची. हीच आज सर्वांत जास्त चालते आणि हिच्यातच सर्वांत जास्त घोळ होतो. 'अमक्या गाडीचा तमक्याला बसतो' असे कोणी सांगतो आणि दुसरा डोळे मिटून बसवितो. बोल्ट अडकला म्हणजे भाग बसला, असे नाही. त्याची एक हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे १९७४ सालची एक पद्मिनी आली. घरातल्या आजोबांची गाडी, आजोबा गेलेले, नातवाने सांभाळलेली. तक्रार अशी की मागचे दोन्ही शॉकअप नवे कोरे आहेत, तरी गाडी मागून उडते. खाली जाऊन पाहिले. आधीच्या कारागिराने कुठल्या तरी मोठ्या गाडीचे शॉकअप आणले होते. ते लांब, मूळ जागी उभे मावेनात. म्हणून त्याने नवा ब्रॅकेट वेल्ड करून ते तिरपे बसविले होते. काम सफाईदार होते, रंगही मारलेला होता. शॉकअप हाताने तपासले तर उत्तम. मग गाडी उडते का?

माझ्याकडे तेव्हा आय.टी.आय. करून आलेला एक मुलगा होता. त्याने कोनमापक लावला. शॉकअप उभ्या रेषेपासून जवळजवळ ४५ अंश कललेला होता. तो म्हणाला, "उस्ताद, हा निम्माच काम करतोय." मी विचारले, कशावरून? त्याने पाठकोऱ्या बिलावर आकृती काढली. चाक सरळ वर १० सेंटिमीटर गेले तर तिरपा शॉकअप पूर्ण १० दबत नाही, कोसाइनच्या पटीने, म्हणजे ७ च्या आसपास दबतो. दबण्याचा वेग तेवढा कमी, म्हणून तेलाचा विरोधही तेवढाच कमी. आणि जो विरोध होतो तोही तिरप्या दिशेने, त्यातला उभा भाग परत कोसाइनच्या पटीने. ७० टक्क्यांचे ७० टक्के, म्हणजे निम्मे. ३० अंश कलला असता तर पाऊण काम झाले असते. मी तीस वर्षे शॉकअप बसवीत आलो होतो. शॉकअप शक्यतो उभा असावा हे हाताला ठाऊक होते. किती उभा आणि का, हे त्या मुलाच्या बिलावर वाचले.

मग आम्ही ते ब्रॅकेट काढले आणि कामाला सुरुवात मापापासून केली. गाडी उचलून मागचा आस शॉकअपशिवाय पूर्ण लोंबू दिला आणि वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत अंतर मोजले. मग आस वर दाबला, थांबविणाऱ्या रबराला पुरता टेकवला आणि पुन्हा मोजले. समजा पहिले माप ४५ सेंटिमीटर आले आणि दुसरे ३०. तर आपल्याला जो शॉकअप हवा तो उघडून ४५ पेक्षा थोडा जास्त आणि मिटून ३० पेक्षा थोडा कमी भरला पाहिजे. ४६ आणि २९ म्हणू. उघडून कमी पडला तर गाडी जॅकवर घेताच साऱ्या आसाचा भार त्याच्या डोळ्यावर येईल आणि तो उपटेल. मिटून जास्त भरला तर रबर टेकायच्या आधी शॉकअपच टेकेल, आणि धक्का सरळ बॉडीला. ४६ मधून २९ गेले, १७ ही त्याची चाल. २९ मधून १७ गेले, १२ उरले. एवढ्यात दोन डोळे, सील, पिस्टन आणि खालची झडप मावली पाहिजे. ही चार मापे कागदावर असली की दुकानदाराला गाडीचे नाव सांगायचे नाही. नाव सांगितले की तो 'बंद झाला' म्हणतो. माप सांगितले की तो फळीवर शोधायला लागतो.

मापाला उतरणारे दोन मिळाले, दोन्ही चालू उत्पादनातल्या छोट्या गाड्यांचे. आता जोर कुठल्याचा जुळतो? त्यासाठी कारखान्यात यंत्र असते. आमच्याकडे विहिरीची कप्पी होती. शॉकअप उभा शिकंज्यात धरला, रॉडला दोर बांधून कप्पीवरून १० किलोचे वजन सोडले आणि रॉड १० सेंटिमीटर वर यायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजले. मूळचा एक चांगला शॉकअप भंगारातून मिळवून ठेवला होता, त्याच्याशी ताडून पाहिले. एकाला जवळजवळ दुप्पट वेळ लागला. तो मालवाहू गाडीचा, ओझे धरून बनविलेला; रिकाम्या फियाटला त्याने दगडासारखे केले असते. दुसरा जवळ आला, तो घेतला. या कसोटीत हळू चालीतलाच जोर कळतो. मोठ्या खड्ड्यात झडपा कशा उघडतील ते कळत नाही, ते रस्त्यावरच पाहावे लागते. तरी डोळे मिटून बसविण्यापेक्षा हे शतपटीने बरे.

डोळ्याचे भोक मात्र बोल्टपेक्षा मोठे निघाले. एकाने सुचविले, आपला भंडारा पितळेचा, पितळी बुश करून घाला. दिसायला सुंदर दिसले असते! पण तिथे बोल्ट आवळून धरायचा असतो आणि हालचाल रबराने घ्यायची असते. पितळ त्या आवळण्याने दबून सैल झाले असते. पोलादी नळी टर्न करून घातली. आणि दोन्ही बाजूंचे शॉकअप एकदमच बदलले. एक बाजू नवी, एक जुनी असे ठेवणे म्हणजे एका पायात बूट आणि एका पायात चप्पल.

ते वेल्ड केलेले ब्रॅकेट काढण्यामागे आणखी एक कारण होते. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या खाजगी गाडीला 'व्हीए' अक्षरे असलेला खास क्रमांक मिळू शकतो. शुल्क २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची. अशी गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यात आणता येत नाही. मूळ रूप म्हणजे चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसणे. ती पद्मिनी आता पन्नाशी ओलांडून गेली आहे. शॉकअप हा झिजणारा भाग, तो बदलावाच लागतो. पण त्यासाठी बॉडीला कापाकापी करणे शहाणपणाचे नव्हे. बोल्टने बसेल आणि बोल्टने निघेल असेच काम करावे, म्हणजे उद्या मूळ भाग हाती आला तर गाडी तो स्वीकारायला मोकळी राहते.

आपल्या पालकांत पुष्कळ जण मला विचारतात, मुलगा अभ्यासात मन लावीत नाही, आठवीतून काढून तुमच्या गॅरेजात घालू का? मी घेत नाही. गॅरेजचे काम हलके आहे म्हणून नव्हे. आज चालू गाडीचा भाग डब्यातून काढून बसविणे कोणालाही जमते, त्याची मजुरीही तेवढीच. जिथे डबाच नाही, तिथे मजुरी आहे. आणि तिथे मोजणारा, लिहिणारा, आकृती वाचणारा मुलगा लागतो. दहावीचे गणित आणि विज्ञान पुरे करून, जमल्यास आय.टी.आय. करून पाठवा. मुलींनीही यावे; व्हर्नियर धरायला दंडाची ताकद लागत नाही.

अल्-जझरी हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. त्यांनी १२०६ साली यंत्रांविषयीचा आपला ग्रंथ पूर्ण केला. यंत्रे तर पुष्कळांनी केली. यांचे वैशिष्ट्य असे की भाग कसा घडवावा, कसा जोडावा, हे त्यांनी आकृतीसह लिहून ठेवले. त्यांचे मोठे पाण्याचे घड्याळ १९७६ साली लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्या वर्णनावरून पुन्हा उभे केले गेले. साडेसातशे वर्षांहून अधिक काळ 'माल बंद' होता. माझ्या गॅरेजात या कामासाठी एक वही आहे. कुठल्या गाडीचे कुठले माप, कुठल्या सीलचा कुठला आकडा, कप्पीवर किती सेकंद, हे सारे तिच्यात तारखेनिशी लिहिले जाते. लिहितो तो मुलगा. माझे अक्षर त्याला वाचता येत नाही.

अध्यक्ष महाशयांनी दिलेला वेळ संपत आला आहे. मागच्या व्हरांड्यात टेबलावर मी एक शॉकअप उभा कापून ठेवला आहे, आतले पिस्टन आणि झडपा दिसतात. शेजारी कप्पी टांगली आहे, आणि एक चांगला व एक मेलेला असे दोन शॉकअप आहेत. ज्याला हवे त्याने वजन सोडून, सेकंद मोजून, कुठला मेलेला ते ओळखावे. त्यात अजून तेल आहे, तेव्हा गणवेशाच्या बाह्या वर करून या.